पोतदाराचं काम आता आपल्या हाती



आजचं बोलणं पाचशेच्या एका नोटेपासून सुरू करते. ती नोट आता नाही, चुलीत गेली. कशी गेली ते आधी ऐका.

कुरखेड्याजवळच्या एका गावातला आमचा गट, बारा बायांचा. तेंदूचा हंगाम नुकताच संपला होता. घरोघरी थोडा पैसा आला होता, म्हणून त्या महिन्यात सगळ्यांनी थकलेले हप्ते एकदम भरले. कोषाध्यक्ष ताईंनी पैसे मोजले, वहीत रक्कम लिहिली, गड्डीला रबर लावलं. दुसऱ्या दिवशी त्या आणि मी मिळून एका बँकेत गेलो. खिडकीतल्या माणसानं गड्डी यंत्रात टाकली, एक नोट बाजूला काढली आणि परत आमच्याकडं सरकवली. म्हणाला, "ही नकली आहे. दुसरी द्या." मागं लांब रांग. सगळे आमच्याकडं पाहू लागले, जणू आम्हीच घरी बसून छापली. ताईंनी मुकाट्यानं पदराची गाठ सोडली आणि किराण्यासाठी ठेवलेली आपली पाचशेची नोट दिली. रोवणीची दोन दिवसांची मजुरी म्हणा.

पुढच्या बैठकीत त्यांनी ती नोट मधोमध ठेवली आणि विचारलं, "कोनं देली असंन जी ही?" कोणीच बोललं नाही. कोणाला माहीतच नव्हतं. पण त्या दिवसापासून दोघी-तिघी एकमेकींकडं वाकड्या नजरेनं पाहू लागल्या. ताईंच्या सासूबाईंचं म्हणणं पडलं, संध्याकाळी बाजार उठताना अंधारात चालवून टाक, कोण पाहते! ताईंनी ऐकलं नाही. चुलीत घातली.

आणि मी? मी बी.ए. झालेली, गटांची समन्वयक, व्याजाचा हिशेब तोंडपाठ. पण खोटी नोट कशी ओळखायची हे मला धड सांगता येत नव्हतं, आणि बँकेनं त्या वेळी काय करायला हवं होतं हेही ठाऊक नव्हतं. ती लाज मनात राहिली. मग मी वाचायला लागले. वाचता वाचता कळलं की नोटेवरच्या प्रत्येक खुणेमागं कधीतरी झालेल्या एखाद्या फसवणुकीची गोष्ट आहे. आज तीच सांगते.

सुरुवात नोटेपासून नाही, नाण्यापासून करावी लागेल. आपण बोलताना म्हणतो, बाई खणखणीत बोलते. नावाला बट्टा लागला. माणसाची पारख नाही. फुटकी कवडी देणार नाही. हे सगळे शब्द पैसे तपासण्याच्या कामातून आले आहेत. चांदीचा रुपया दगडावर टाकला की खणखण वाजायचा. आत हलका धातू भरला असेल तर आवाज बद्द यायचा. कवड्या तर आपल्या शेजारी छत्तीसगडात एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात चालत होत्या. कवडी फुटली की तिची किंमत गेली.

आपला हा भाग पूर्वी चांद्याच्या गोंड राजांचा. १७५१ साली तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. त्या काळात सगळीकडं एकच रुपया नव्हता. नागपूरचा वेगळा, पुण्याकडचा वेगळा, निजामाचा वेगळा. ठिकठिकाणी टांकसाळी होत्या. कोणाच्या रुपयात चांदी जास्त, कोणाच्यात कमी. बाहेरगावचा रुपया आणला की त्यातून काही रक्कम कापून घ्यायचे. ती कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. दक्षिणेत धारवाडकडं तर खासगी टांकसाळवाल्यांनी इतकी हिणकस नाणी पाडली, की थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात त्या टांकसाळी बंद करून एकच सरकारी टांकसाळ ठेवावी लागली.

मग साध्या माणसानं रुपया ओळखायचा कसा? त्यासाठी एक माणूसच नेमलेला असायचा. त्याला पोतदार म्हणत. पोतं म्हणजे पैशांची थैली, खजिना. सरकारात सारा भरताना आलेलं प्रत्येक नाणं पोतदार बघायचा, वाजवायचा, तोलायचा, कसोटीच्या दगडावर घासायचा. हे काम बहुधा सोनाराच्या घरचं, आणि त्याबद्दल त्याचा हक्क ठरलेला असे. शहरात हेच काम सराफ करत. तपासलेल्या रुपयावर सराफ बारीक ठसा मारून ठेवी. तुमच्यापैकी कोणाच्या आजीच्या गळ्यात जुन्या रुपयांची माळ असेल तर ती उलटून बघा. राजाच्या तोंडावर किंवा कडेला टोचल्यासारखे छोटे खड्डे दिसले तर ते नाण्याचं नुकसान समजू नका. कोण्या सराफानं 'हा तपासला' म्हणून केलेली ती खूण असू शकते. वैरागड आपल्यापासून दूर नाही. तिथल्या हिऱ्याच्या खाणी जुन्या काळी नावाजलेल्या होत्या. हिरा काय, रुपया काय, पारख करणारा माणूस वेगळा आणि त्याला मोबदला मिळे.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. रुपया हिणकस निघाला तरी त्यात थोडी चांदी असायचीच. बट्टा जायचा, बाकी हाती राहायचं. कागदाच्या नोटेचं तसं नाही. ती खरी असली तर पाचशे, खोटी असली तर शून्य. मधलं काही नाही. आणि पोतदारही आता नाही. खोटी नोट दहा हातांतून फिरते, नऊ जणांचं काही जात नाही, दहाव्याचं सगळं जातं. दहावा हात बहुतेक वेळा आपल्यासारख्याचा, कारण आपण पैसे घेऊन थेट बँकेच्या यंत्रासमोर जातो.

कागदी पैशानं गरिबाची काय दशा केली याची सगळ्यात वाईट गोष्ट आपल्याकडची नाही, इंग्लंडची आहे. १७९७ साली फ्रान्सशी लढाई चालू असताना बँक ऑफ इंग्लंडनं नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक पौंड, दोन पौंडाच्या छोट्या नोटा काढल्या. त्याआधी सगळ्यात लहान नोट पाच पौंडाची होती. मजूर, धुणी धुणाऱ्या बाया, छोटे दुकानदार यांनी नोट हातात धरली नव्हती. कित्येकांना वाचता येत नव्हतं. नोट म्हणजे काय, तर एका बाजूनं काळ्या शाईत छापलेला साधा कागद. थोडं कोरीवकाम येणाऱ्या कोणालाही तिची नक्कल जमायची. खोट्या नोटांचा सुळसुळाट झाला. बँकेनं काय केलं? नोट सुधारायच्या आधी माणसं पकडली. १७९७ ते १८२१ या काळात बँकेच्या खोट्या नोटांपायी तीनशेहून जास्त लोकांना फाशी झाली. छापणारे थोडेच सापडले. सापडली ती बहुतेक चालवणारी गरीब माणसं, आणि त्यांत बायाही होत्या.

जॉर्ज क्रुकशँक नावाचा एक चित्रकार लंडनच्या न्यूगेट तुरुंगावरून जात होता. एक-एक पौंडाच्या खोट्या नोटा चालवल्या म्हणून तिथं बायांना फासावर दिलेलं त्यानं पाहिलं. घरी जाऊन त्यानं एक नोटच काढली. तिच्यावर ओळीनं लटकलेली माणसं, आणि पौंडाची खूण फासाच्या दोरानं केलेली. १८१९ सालची ही गोष्ट. ते चित्र बघायला दुकानासमोर गर्दी उसळली. दोनेक वर्षांत एक पौंडाच्या त्या नोटा बंद होऊन पुन्हा सोन्याची नाणी आली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या कोषाध्यक्ष ताई दिसल्या, त्या खिडकीपुढं मान खाली घालून उभ्या असलेल्या.

आपल्या देशात सरकारी कागदी नोटेचा कायदा १८६१ सालचा. पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचं छोटं चित्र होतं. दहा, वीस, पन्नास, शंभर आणि हजार अशा रकमा, छपाई एकाच बाजूनं, आणि नोटा यायच्या इंग्लंडातून छापून. प्रत्येक नोटेचा आपला इलाखा असे आणि ती त्याच इलाख्यातल्या कचेरीत वटायची. अशी एक कचेरी नागपूरलाही होती. दहा रुपये म्हणजे तेव्हा मोठी रक्कम. मजुराच्या हातात नोट येण्याचं कारणच नव्हतं. तरी नक्कल करणारे मागं राहिले नाहीत. राणीच्या नोटांच्या इतक्या नकला निघाल्या की त्या मागं घेऊन १८६७ पासून नव्या तऱ्हेच्या नोटा काढाव्या लागल्या. त्यांच्यावर अक्षरांखाली रंगीत छपाईचा थर होता, कागदात नागमोडी रेघांची पाणखूण होती, आणि गुंतागुंतीच्या नाजूक वेलबुट्ट्या होत्या. पाणखूण म्हणजे कागद तयार होतानाच त्याच्या अंगात उठवलेली खूण, उजेडासमोर धरली की दिसते ती. आजच्या नोटेवर गांधीजींची जी सावली दिसते तिची ही पणजी. वेलबुट्ट्याही तेव्हापासूनच्या. मला आधी वाटायचं, नोट सुंदर दिसावी म्हणून काढतात. नाही हो, हातानं नक्कल करणाऱ्याचा हात चुकावा म्हणून काढतात.

१८९९ साली नोटांच्या नकलेसाठी फौजदारी कायद्यात वेगळी कलमं घातली गेली. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली म्हणून, एक रुपयाची नोट आली. १९२३ पासून पंचम जॉर्ज राजाचं चित्र नोटांवर आलं.

आणि आता आपल्या महाराष्ट्राची पाळी. १९२८ साली नाशिकला नोटांचा छापखाना सुरू झाला. तोवर आपल्या नोटा समुद्रापलीकडून यायच्या. १९३२ पर्यंत सगळ्या रकमांच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. नाशिकच्या नोटांत पाणखूण बदलली, चित्र जास्त बारकाव्याचं झालं, एकाऐवजी अनेक रंग आले. आजही नाशिकला नोटा छापतात. दुसरे छापखाने देवास, म्हैसूर आणि सालबोनीला आहेत. नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो. म्हणून तर धुण्यात गेलेली नोट वाळवली की पुन्हा उभी राहते आणि वहीचा कागद लगदा होतो.

नोटेच्या मधून जाणाऱ्या त्या धाग्याची गोष्ट युद्धाची आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौज ब्रह्मदेशात आली. लढाई फक्त बंदुकीनं होत नाही, शत्रूच्या पैशावरचा विश्वास उडवला तरी राज्य हलतं. जपाननं आपल्याकडच्या दहा रुपयांच्या नोटेच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या की रिझर्व्ह बँकेला नोटच बदलावी लागली. नोटेवर राजाचा चेहरा बाजूनं काढलेला होता. तो आता समोरून काढला, पाणखूण बदलली, आणि हिंदुस्थानात पहिल्यांदाच कागदाच्या आत सुरक्षा धागा घातला. धागा कागदात विणलेला असतो, वरून काढलेला नसतो. रेघ मारून त्याची नक्कल करता येते, पण नोट उजेडासमोर धरली की रेघ आणि धागा यांतला फरक कळतो.

समोरून चेहरा असलेल्या त्या नोटांवर सही होती चिंतामणराव देशमुखांची. हे रायगड जिल्ह्यातले, आपले मराठी माणूस. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विषय सोडून एक सांगते. पुढं त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. त्याच दुर्गाबाई देशमुख १९५३ साली केंद्रीय समाज कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. नवरा नोटेवर सही करणारा आणि बायको बायांच्या संस्थांना उभं करणारी. गटात हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "मंग नोट तं आपल्याच घरची झाली!"

स्वातंत्र्यानंतर राजा गेला, अशोकस्तंभ आला. १९९६ पासून महात्मा गांधींच्या चित्राच्या नोटा आल्या. २०१६ ची नोटबंदी आपण सगळ्यांनी भोगली आहे, तिची गोष्ट मी सांगायला नको. फक्त एवढं आठवा की नव्या नोटा आल्या तेव्हा पहिले काही आठवडे खरी नोट कशी दिसते हेच लोकांना माहीत नव्हतं, आणि रंगीत झेरॉक्स गळ्यात पडल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. इंग्लंडच्या त्या धुणेवालीसारखंच. म्हणून खोटी नोट ओळखण्याआधी खरीची ओळख हवी.

आता घरातली पाचशेची एक नोट काढा. नसेल तर शेजारणीची मागून घ्या, परत द्यायच्या बोलीवर.

आधी डोळे मिटा. हो, मिटाच. नोटेच्या डाव्या आणि उजव्या कडेवर बोट फिरवा. तिरप्या, किंचित उठलेल्या रेघा लागतील. पाचशेच्या नोटेवर दोन्ही कडांना पाच-पाच रेघा असतात. दोनशेवर चार रेघा आणि त्यांच्यामध्ये दोन छोटी वर्तुळं, शंभरावर चार रेघा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय केली आहे, पण ती आपल्याही कामाची. मग मधोमध गांधीजींच्या चित्रावर आणि उजवीकडच्या अशोकस्तंभावर बोट फिरवा. शाई वर आलेली लागते. साध्या छपाई यंत्रातून काढलेली नोट बोटाला सपाट, गुळगुळीत लागते. ज्या बायांचे हात वर्षानुवर्षं धान निवडतात, मोहफुलातला कचरा अंधुक उजेडात वेचतात, त्यांच्या बोटांना हा फरक कळायला दोन मिनिटं पुरतात. आमच्या गटात हे सगळ्यात आधी कोणाला जमलं सांगू? अक्षर न येणाऱ्या एका आजींना. मला तिसऱ्या खेपेला जमलं. फक्त फार वापरून झिजलेल्या नोटेवर हा उठाव कमी होतो, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका.

आता डोळे उघडा आणि नोट थोडी तिरपी करा. चित्राच्या उजव्या हाताचा धागा हिरव्याचा निळा होतो. खाली उजवीकडं रुपयाच्या खुणेसह लिहिलेला पाचशेचा आकडाही तसाच हिरव्याचा निळा होतो. खोट्या नोटेत हिरवी चमकी चिकटवलेली असते. ती चमकते, पण निळी होत नाही. घाईत पाहायचं असेल तर हीच एक खूण पाहा.

मग उजेडासमोर धरा. उजव्या हाताच्या कोऱ्या जागेत गांधीजींची सावली आणि ५०० हा आकडा दिसतो. सावली मऊ असते, कुठं गडद कुठं फिकी, ढगासारखी. नकलेत ती मागून पांढुरक्या रंगानं छापलेली असते, म्हणून न धरताही दिसते. धागा आरपार एकसंध दिसतो. नोटेचा नंबर पाहा, त्याचे अंक डावीकडून उजवीकडं मोठे मोठे होत जातात.

आणि उलट बाजू. लाल किल्ल्याच्या बाजूला उभ्या पट्टीत पंधरा भाषांत रक्कम लिहिली आहे. वरून आठवी ओळ आपली, मराठीची. सहावी कोकणी आणि नववी नेपाळी, तीही देवनागरीतच, म्हणून गोंधळू नका. केवळ ही ओळ बरोबर आहे म्हणून नोट खरी ठरत नाही, नकलेतही ती असते. पण आमच्याकडं एकदा लहान मुलांच्या खेळातली नोट गड्डीत आली होती. रंग तोच, आकार जवळपास तोच. ती पकडली चौथी शिकलेल्या एका ताईनं, मागची अक्षरं वाचू गेली म्हणून.

काही अफवाही आहेत, त्यांनी खऱ्या नोटेचं नुकसान होतं. नंबरामध्ये चांदणी असली की नोट खोटी, असं मोबाईलवर फिरत होतं. २०२३ साली रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की चांदणीची नोट पूर्ण खरी. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी दुसरी घालतात, तिला चांदणी देतात. दुसरी अफवा हिरव्या पट्टीची, ती गांधीजींच्या जवळ असेल तर नोट खोटी म्हणे. हेही चूक. आणि दुकानातला निळा दिवा पुरता खरा मानू नका. धुण्याच्या पावडरमध्ये कपडे उजळ दिसावेत म्हणून एक द्रव्य असतं, ते त्या दिव्याखाली चमकतं. साडीच्या घडीत राहून धुतली गेलेली खरी नोट त्यामुळं संशयात येते. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' नावाचं मोबाईल ॲप अंध व्यक्तींना नोट कितीची आहे ते बोलून सांगतं. ती खरी की खोटी हे ते सांगत नाही.

आता बँकेचं. आमच्या ताईंना नोट परत दिली गेली, ते नियमाला धरून नव्हतं. बँकेत खोटी नोट आढळली तर बँकेनं ती परत द्यायची नाही आणि फाडायचीही नाही. तिच्यावर खोटी असल्याचा शिक्का मारून ती जप्त करायची आणि नोट आणणाऱ्याला ठरलेल्या नमुन्याची पावती द्यायची. त्या पावतीवर नोटेचा नंबर असतो. नोटेचे पैसे मिळत नाहीत, ते नुकसान आपलंच. एका वेळी चारपर्यंत नोटा असतील तर बँक महिनाअखेरीला पोलिसांना एकत्र अहवाल देते. पाच किंवा जास्त असतील तर लगेच तक्रार नोंदवते. म्हणून गड्डी बँकेत नेण्याआधी घरीच बघा.

कायदा आता भारतीय न्याय संहितेत आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. खोटी आहे हे माहीत असून नोट चालवणं हा कलम १७९ चा गुन्हा, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. चालवायच्या इराद्यानं जवळ ठेवणं कलम १८० मध्ये येतं, सात वर्षांपर्यंत. पण त्याच कलमात लिहिलं आहे की ती नोट कायदेशीर मार्गानं आपल्याकडं आली हे दाखवता आलं तर तो गुन्हा नाही. कोषाध्यक्षाची वही इथं उपयोगी पडते. कोणी किती दिले, कोणत्या तारखेला दिले, हे त्यात असतं. आणि ताईंच्या सासूबाई म्हणत होत्या त्याप्रमाणं अंधारात चालवली असती, तर तोवर निर्दोष असलेली बाई त्या क्षणी गुन्हेगार झाली असती.

ताईंच्या गटानं त्यानंतर एक रीत पाडली. पाचशेची नोट जी आणते तिनं ती सगळ्यांसमोर स्वतः तिरपी करून, उजेडाकडं धरून दाखवायची आणि मग शेजारणीच्या हाती द्यायची. शेजारीण बोट फिरवते आणि पुढं देते. नोटेचे शेवटचे तीन अंक वहीत नावासमोर लिहायचे. पहिल्या बैठकीत दोघींना राग आला, आमच्यावर भरवसा नाही का म्हणून. आता तो राग कोणाला आठवत नाही. बैठकीला वीस मिनिटं जास्त लागतात.

मागच्या दिवाळीच्या आधी त्यांच्याकडं पुन्हा एक नोट आली. धागा निळा होईना. जिनं आणली होती तिनंच ती हातात धरून सांगितलं, धानाच्या पैशातली आहे, अमक्याकडून घेतली. यावेळी आम्ही तिघी बँकेत गेलो, आधीच सांगून नोट खिडकीत दिली आणि पावती मागितली. खिडकीतल्या माणसानं आत जाऊन विचारलं, अर्धा तास बसवलं आणि शिक्का मारून पावती आणून दिली. पाचशे रुपये गटानं बारा जणींत वाटून घेतले, एकीला बेचाळीस रुपयेही आले नाहीत. ती पावती वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवली आहे. तुमच्या गटाला नमुना बघायचा असेल तर पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला मी ती वही घेऊन येईन.